मोटरची साक्ष, टेबलाची साक्ष

टेबल थांबलं की मी आधी ऐकतो. स्क्रीनवरचे आकडे नंतर बघतो. चांगल्या अक्षाच्या थांबण्याला स्वतःचा आवाज असतो. मोटरची शीळ खाली उतरत येते, शेवटच्या काही मायक्रॉनांत विरून जाते आणि मागे फक्त कॅबिनेटच्या पंख्याची घरघर उरते. बिघडलेला अक्ष थांबल्यावरही कुरकुरत राहतो. बेअरिंगच्या हाउसिंगवर तळहात ठेवला तर आत काहीतरी पुढे-मागे, पुढे-मागे चाललेलं जाणवतं. शॉपमध्ये म्हणतात, मशीन हंट करतंय.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक जुनं हॉरिझॉन्टल बोरिंग मशीन आहे. बेड भक्कम, स्लाइड पुन्हा स्क्रेप करून घेतलेल्या. पण कंट्रोल आणि ड्राइव्ह दोन्ही थकले होते. ते बदलताना एक्स अक्षाला, म्हणजे टेबल ज्या दिशेने आडवं सरकतं तिला, दोन एन्कोडर द्यायचं ठरलं. एक मोटरच्या पाठीशी असतो तो, आणि दुसरा म्हणजे बेडच्या कडेने बसवलेली काचेची लिनिअर स्केल. या दोघांनाही ऐकून घेईल असा सर्वो ड्राइव्ह निवडायचा होता. त्या निवडीत मी ज्या गोष्टींकडे बघायला शिकलो त्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर नसतात. आज तो अक्ष इतका सुरेख चालतो की कुणी पाहुणा आला की त्याला शेजारी उभं करून एकेक जागा दाखवावीशी वाटते.

सुरुवात मोटरपासून करू. तिच्यातला एन्कोडर वीस बिटांचा आहे, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याचे तो १०,४८,५७६ भाग करतो. बॉलस्क्रूची पिच १० मिलिमीटर. भागाकार केला तर एक भाग म्हणजे टेबलाचं साडेनऊ नॅनोमीटर सरकणं. हा आकडा ऐकून माणूस हरखतो आणि तिथेच फसतो. एन्कोडरने मोजला तो शाफ्टचा कोन. त्याच्यापुढे कपलिंग आहे, थ्रस्ट बेअरिंग आहे, स्क्रू आहे, नट आहे, नटाचा ब्रॅकेट आहे आणि मग कुठे टेबल. मोटर अगदी प्रामाणिकपणे सांगते, ‘मी साठ फेरे फिरले.’ टेबल सहाशे मिलिमीटर सरकलं, हे पुढचं वाक्य आपण तिच्या तोंडी घातलेलं असतं.

त्या वाक्याची किंमत मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरांच्या वहीत लिहिलेली होती. सगळे त्यांना मामा म्हणतात. गिअरबॉक्सच्या हाउसिंगमध्ये ६०० मिलिमीटर अंतरावर दोन बोअर करायचे असत. सकाळचा पहिला जॉब बरोबर यायचा. अकरापासून अंतर वाढायला लागायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीस मायक्रॉनवर जायचं. सुट्टीत मशीन उभं राहिलं की पुन्हा उतरायचं. स्टीलचा स्क्रू दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. नटाच्या घर्षणाने तो सहा अंशांनी तापला की ६०० मिलिमीटरमागे ४१ मायक्रॉन झाले. मामांनी वहीत तीन ऑफसेट ठेवले होते: सकाळचा, जेवणाआधीचा, जेवणानंतरचा. थर्मामीटर न लावता एका माणसाने नुसत्या बोअरांच्या मापावरून त्या स्क्रूचा दिवसभराचा ताप उतरवून काढला होता. मी ती पानं पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ उलटत राहिलो.

आता स्केल. बाहेरून बघितली तर ॲल्युमिनियमची एक लांब, चौकोनी नळी, बस. तिच्या आत काचेची पट्टी आणि त्या काचेवर क्रोमच्या रेघा. एक रेघ आणि तिच्याशेजारची फट मिळून २० मायक्रॉन. आपला केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. अशा रेघा मीटरभर, कुठेही न चुकता. ही कला जिथे पिकली त्या घराण्याचा उगम मला फार आवडतो. बर्लिनमध्ये १८८९ साली विल्हेल्म हायडेनहाइन यांनी धातूवर आम्लाने कोरकाम करण्याचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, योहान्नेस हायडेनहाइन यांनी बव्हेरियातल्या ट्राउनरॉइट गावी तो नव्याने उभा केला, आणि १९५० मध्ये काचेवर क्रोमच्या रेघा पाडण्याची डायाडुर ही पद्धत तिथे सिद्ध झाली. पाट्या कोरणारा हात पुढे प्रकाशासाठी रेघा ओढू लागला, एवढाच तो प्रवास.

या रेघा वाचल्या कशा जातात, ती जागा सहज सुटून जाते. टेबलाबरोबर सरकणारं रीडिंग हेड एकेक रेघ मोजत बसत नाही. हेडमध्येही तशाच रेघांची छोटी जाळी असते. दोन जाळ्या एकमेकींवरून सरकल्या की प्रकाश उजळतो, मावळतो, पुन्हा उजळतो, आणि एका वेळी शेकडो रेघांची सरासरी त्या उजेडात उतरलेली असते. मधल्या एखाद्या रेघेवर तेलाचा कण बसला तरी सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. त्या उजेड-अंधाराची जी गुळगुळीत लाट तयार होते, तिचे ४०९६ भाग केले तर एक भाग पाच नॅनोमीटरांच्या आत येतो. एकट्या रेघेवर भरवसा न ठेवता साऱ्यांचा मिळून एक सूर ऐकायचा, ही त्या हेडची शहाणीव मला कुठल्याही बिटांच्या आकड्याहून मोठी वाटते.

स्केलची नळी खालच्या बाजूने उघडी असते आणि त्या फटीवर रबरासारख्या लवचीक ओठांच्या दोन पट्ट्या. हेडचं पातं त्यांच्यामधून सरकतं. बसवताना ते ओठ खाली किंवा कुलंटच्या उलट दिशेला तोंड करून राहतील असं बघायचं, आणि आत गाळलेल्या, कोरड्या हवेचा हलका दाब ठेवायचा, म्हणजे तेलाचं धुकं आत शिरतच नाही. ज्या मशीनवर ही हवेची नळी कापून दुसरीकडे वापरलेली दिसते, तिथली स्केल फार दिवस टिकत नाही. आमच्या मशीनवर मामा रोज सकाळी त्या हवेचा गेज बघतात, देवघरातला दिवा बघावा तसा.

स्केल कुठे बसवायची, यावर मात्र आमच्याकडे दोन दिवस वाद चालला. फिटर म्हणत होते बेडच्या बाहेर, पुढच्या बाजूला. पुसायला सोपी, काढायला सोपी. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण येनाचे एर्न्स्ट अबे यांनी १८९० मध्ये सांगून ठेवलेलं तत्त्व आडवं येतं: माप ज्या रेषेवर घ्यायचं, मोजपट्टी शक्यतो त्याच रेषेवर हवी. टेबल सरकताना किंचित डोलतं. पाच आर्कसेकंदांचा कल म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण टूलचं टोक स्केलच्या ४०० मिलिमीटर वर असेल, तर तेवढ्या कलाने टोकाशी जवळजवळ दहा मायक्रॉनांचा फरक पडतो, आणि स्केलला त्याची खबरही नसते. उंचीचं अंतर आम्हाला टाळता येण्यासारखं नव्हतं. आडवं अंतर टाळता येत होतं. म्हणून स्केल दोन स्लाइडींच्या मध्ये, स्क्रूला लगटून गेली. पुसायला वे कव्हर काढावं लागतं. तरीही ती जागा बरोबर आहे, कारण टेबल उजवी-डावीकडे वळवळलं तरी तिथे त्या वळवळीचा हात सर्वांत आखूड पडतो.

इथे कुणीही विचारील, आणि विचारावंच: टेबलाची खरी जागा सांगणारी स्केल आली, मग मोटरच्या एन्कोडरची गरज काय? त्याचं उत्तर समजलं की ड्राइव्हकडे बघायची नजर बदलते.

ड्राइव्हच्या आत एकात एक असे तीन लूप असतात. सर्वांत आत करंटचा, सेकंदाला हजारो वेळा फिरणारा. त्याच्याबाहेर वेगाचा. सर्वांत बाहेर पोझिशनचा. बाहेरचा लूप संथ असतो. त्याचा गेन सेकंदाला ३० ठेवला, तर मिनिटाला सहा मीटरने धावणारं टेबल हुकमाच्या ३.३ मिलिमीटर मागून चालतं, फीडफॉरवर्ड दिला नसेल तर. वेगाचा लूप त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ हवा. त्याच्याच जोरावर बाहेरचा लूप उभा राहतो. आता हा वेग स्केलकडून घेतला तर काय होईल? मोटर आणि टेबल यांच्यामध्ये जो स्क्रू आहे तो दिसतो सळईसारखा, पण वागतो स्प्रिंगसारखा. त्याचा ताठपणा मायक्रॉनला १५० न्यूटन धरा, टेबल आणि जॉब मिळून दोन टन धरा. अशी जोडी स्वतःच्या तालात सेकंदाला साधारण ४४ वेळा झुलते. मोटरने ढकललं की टेबलाची बातमी त्या झुल्यावर बसून, उशिरा आणि उलटसुलट येते. चपळ लूपला अशी शिळी बातमी दिली की तो घाबरून चुकीच्या क्षणी उलटा जोर लावतो.

दुसरंही एक सूक्ष्म कारण आहे, आणि ते कानाला ऐकू येतं. स्केलच्या लाटेचे भाग पाडताना अगदी बारीक चूक राहते आणि ती दर २० मायक्रॉनांनी तशीच पुन्हा येते. टेबल मिनिटाला १.२ मीटरने, म्हणजे सेकंदाला २० मिलिमीटरने सरकलं, तर ती चूक सेकंदाला बरोबर हजार वेळा फिरते. वेग स्केलवरून काढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती मोटरच्या करंटमध्ये उतरते आणि मशीन हजार हर्ट्झची बारीक शिट्टी घालतं. फीड बदलला की शिट्टीचा सूरही बदलतो. म्हणून वेग मोटरकडून आणि पोझिशन स्केलकडून, हा कारागिरांनी घालून दिलेला श्रमविभाग आहे. मोटरच्या शाफ्टवरच मोटरचा वेग मोजला की मध्ये काही झुलत नाही. हुकूम आणि बातमी एकाच उंबऱ्यावर भेटतात. आमच्या एक्स अक्षाचं सरकणं इतकं रेशमी का आहे, याचं पहिलं कारण हे.

आता या सगळ्याचा गाभा. पोझिशनच्या बाबतीत दोघांचं म्हणणं वेगळं पडलं, तर ड्राइव्हने कुणाचं ऐकायचं?

निवडीच्या काळात पुरवठादारांना मी हाच एक प्रश्न विचारत होतो. काहींनी दोन कनेक्टर दाखवले. काहींनी बिटांची संख्या वाढवून सांगितली. एका तरुण अभियंत्याने काहीच न बोलता माझ्यासमोरचा कागद ओढला आणि चार चौकोन, दोन बाण काढले. त्या चित्रात मला जे दिसलं ते इतक्या वर्षांच्या कामातलं सर्वांत देखणं दर्शन होतं.

चित्र असं होतं. ड्राइव्ह एकाच वेळी दोन चुका मोजतो. हुकमापासून मोटर किती मागे आहे ही पहिली, हुकमापासून टेबल किती मागे आहे ही दुसरी. दुसरीतून पहिली वजा केली की उरतो तो दोन साक्षींमधला मतभेद. हा मतभेद एका संथ फिल्टरमधून गाळायचा आणि मग पहिल्या चुकीत मिळवायचा. फॅनक ही कंपनी याला ड्युअल पोझिशन फीडबॅक म्हणते. फिल्टरचा काळ शून्य ठेवला तर ड्राइव्ह फक्त टेबलाचं ऐकतो. अनंत ठेवला तर फक्त मोटरचं. मध्ये, समजा एक दशांश सेकंद ठेवला, तर मतभेद उद्भवल्यापासून एक दशांश सेकंदात त्याचा ६३ टक्के भाग मान्य होतो आणि तीन दशांशात ९५ टक्के.

एवढंच? होय, एवढंच; पण त्यातली खोच बघा. मोटर आणि टेबल यांच्यात मतभेद होण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. एक, स्क्रू तापून लांबतो. याला मिनिटं, तास लागतात. दुसरं, स्क्रू झुलतो. सेकंदाला ४४ वेळा. पहिला मतभेद खरा, तो मानलाच पाहिजे. दुसरा क्षणाचा, त्यात ड्राइव्हने तोंड घातलं की हंटिंग सुरू. एक दशांश सेकंदाच्या फिल्टरला मिनिटांनी वाढणारा मतभेद म्हणजे जणू स्थिर उभा असलेला. तो पुरता आत येतो. आणि ४४ हर्ट्झचा झुला त्याच फिल्टरमधून जाताना सत्तावीस-अठ्ठावीस पटींनी क्षीण होतो. दोघांत खरं कोण हे ठरवायला बसायचंच नाही. मतभेद किती घाईने आला यावरून त्याची जात ओळखायची. एका आकड्यात ही पारख भरून ठेवणाऱ्याला मी मनोमन दाद देत आलो आहे.

दुसरी घराणी हेच वेगळ्या चालीत मांडतात. मित्सुबिशीच्या एमआर-जे४ ड्राइव्हमध्ये तोच फिल्टर रेडियन प्रति सेकंदात येतो: ० लिहिलं की निव्वळ मोटर, ४५०० लिहिलं की निव्वळ स्केल, आणि मधली सारी भूमी मिश्रणाची. आपला एक दशांश सेकंद तिथे १० होतो. झिरपण्याचा काळ विचारायचा की झिरपण्याची गती, एवढाच फरक. सीमेन्सच्या कंट्रोलची वाट मात्र मुळातच निराळी. तिथे पोझिशन थेट स्केलवरूनच घेता येते, आणि मोटरचा वेग व टेबलाचा वेग यांतला फरक, झुला शांत करण्यासाठी, उलटा जोडता येतो. पहिलं घराणं मतभेदातली विलंबित लय उचलतं आणि द्रुत सोडून देतं. हे घराणं त्याच मतभेदातली द्रुत लय हातात घेऊन तिच्याकडूनच झुल्याला थोपवून धरतं. एकाच सामग्रीतून दोन उलट्या दिशांनी एकाच शांततेला पोचलेले हे दोन विचार शेजारी ठेवून बघण्यात जो आनंद आहे, तो मी कुणालाही चुकवू देणार नाही.

यांतलं कोणतं घ्यायचं, हे मशीनच्या कामावर ठरतं. आमचं मशीन जागेवर जातं, थांबतं आणि मग बोअर करतं. थांबल्यावर तीन दशांश सेकंद गेले तर काही बिघडत नाही. जुना स्क्रू, जड टेबल, तेव्हा संथ फिल्टरची चाल आम्हाला मानवली. तोच अक्ष डाय-मोल्डच्या त्रिमित पृष्ठभागावर सतत वळणं घेत धावणार असता, तर मी उलट बाजूने बोललो असतो. तिथे टेबल कुठेच थांबत नाही, मतभेद मुरायला सवड मिळत नाही, आणि दिशा उलटताना स्क्रूला पडणारा पीळ पृष्ठभागावर उमटतो. तिथे ताठ स्क्रू घ्यावा, स्केल सरळ लूपमध्ये घ्यावी आणि झुला आवरण्याची सोय असलेला ड्राइव्ह घ्यावा. वर्म गिअरवर फिरणाऱ्या रोटरी टेबलाला तर दुसऱ्या एन्कोडरची गरज आणखी निकडीची, कारण एक आर्कसेकंद मीटरभर दूर गेला की पाच मायक्रॉन होतो.

आणि बॅकलॅश? स्केल आली की बॅकलॅशची चिंता मिटली, असं पुष्कळांना वाटतं. सुरुवातीला मलाही वाटत होतं. नटात वीस मायक्रॉनांची ढील आहे आणि पोझिशनचा लूप थेट स्केलवर आहे, असं समजा. टेबल दोन मायक्रॉन कमी पडलं. ड्राइव्ह मोटरला हलवतो. मोटर ढिलाईत फिरते, टेबल जागचं हलत नाही. ड्राइव्ह आणखी जोर करतो. ढील संपते, टेबल उडी मारून पलीकडे जातं. आता उलटं. हा झोका कधीच थांबत नाही. म्हणून ड्राइव्हची ऑर्डर देण्याआधी आम्ही प्रीलोड असलेला नवा डबल नट बसवून घेतला, आणि मला वाटतं त्या पैशाइतके सार्थकी लागलेले पैसे त्या मशीनवर दुसरे नाहीत. नंतर बॉलबार लावून वर्तुळ काढलं. बदलाआधी काढलेल्या वर्तुळावर चारही चतुर्थांशांच्या सांध्यांशी पायरी होती, पोळपाटाची कड फुटावी तशी. नव्यावर एक्सच्या बाजूचे दोन सांधे शोधावे लागले.

विजेच्या तारांचा भाग भराभर सांगतो, पण त्यातही एक हिशेब गोड आहे. स्केलची बातमी ड्राइव्हला पल्सच्या रूपाने द्यायची असेल आणि एक पायरी ०.१ मायक्रॉनची असेल, तर मिनिटाला ३० मीटरच्या रॅपिडला सेकंदाला पन्नास लाख पायऱ्या मोजाव्या लागतात. ड्राइव्हची दुसऱ्या एन्कोडरची वाट तेवढी रुंद आहे का, हे आधी बघावं. तीच बातमी २० मायक्रॉनांच्या साइन लाटेतून पाठवली, तर त्याच वेगाला फक्त पंचवीस हजार लाटा होतात, कारण बारीक भाग पाडायचं काम ड्राइव्ह आपल्या घरी करतो. आणि एनडॅट किंवा बिस यांसारख्या सीरियल भाषेत स्केल थेट पूर्ण आकडाच सांगते: मी अमुक जागी आहे. अशी ॲब्सोल्यूट स्केल असली की वीज गेल्यानंतर होमिंग नको. जॉबमध्ये टूल अडकलेलं असताना वीज गेली आणि परत आली, तर याची किंमत कळते. खर्च आवरायचा असेल तर मधला मार्गही सुंदर आहे: रेफरन्स खुणांमधली अंतरं मुद्दाम असमान ठेवलेली स्केल. टेबल फार तर वीस मिलिमीटर सरकवलं की दोन खुणांमधल्या अंतरावरून अक्षाला आपला ठावठिकाणा कळतो. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत लक्षात ठेवावी: ड्राइव्ह कितीही गुणी असो, त्याला तुमच्या स्केलची भाषा येत नसेल तर मध्ये दुभाष्या बसवावा लागतो, आणि दुभाष्या वेळ खातो.

पहिल्यांदा अक्ष चालू करण्याचा दिवस मला अजून आठवतो. स्केलची दिशा तारेत उलटी जोडली गेली असेल तर ड्राइव्हला टेबल पुढे गेलं की मागे गेल्यासारखं दिसतं. तो आणखी पुढे ढकलतो, आणखी मागे दिसतं, आणि दोन टनांचं टेबल स्टॉपरवर जाऊन आदळतं. म्हणून आधी लूप फक्त मोटरवर ठेवला. स्क्रीनवर दोन आकडे शेजारी शेजारी उघडले. मामांनी हँडव्हील हातात घेतलं आणि टेबल दहा मिलिमीटर सरकवलं. वरचा आकडा १०.०००. खालचा आकडा १०.००१. दोन्ही एकाच दिशेने. पुन्हा मागे, पुन्हा तेच. कुणी काही बोललं नाही. मग दोघांत किती फरक पडला तर अलार्म देऊन थांबायचं, ती सीमा घातली: स्क्रू तापल्याचा फरक तिच्या आत मावेल, पण कपलिंग सरकलं किंवा स्केलची केबल तुटली तर ड्राइव्ह त्याच क्षणी हात आखडता घेईल, एवढी. ती सीमा फार घट्ट घातली तर दुपारी बाराला मशीन उगाच थांबणार, फार सैल घातली तर अपघातानंतर थांबणार. अशा आकड्याला मशीन ओळखणाराच माणूस लागतो. तो मामांनीच सांगितला, वहीतली मे महिन्याची पानं बघून.

लूप टेबलावर बंद केला त्या संध्याकाळी अक्ष थांबला तेव्हा मी ऐकत होतो. शीळ उतरली, विरली. बेअरिंगच्या हाउसिंगवर हात ठेवला. काही नाही.

स्केलने सगळंच मिटतं असं मात्र नाही. पुण्याच्या उन्हाळ्यात शॉप बत्तीस अंशांवर असतं आणि मापाचं प्रमाण तापमान वीस. ॲल्युमिनियमचा ५०० मिलिमीटरचा जॉब त्या बारा अंशांनी १३८ मायक्रॉन वाढलेला असतो. काचेची स्केल त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. तो हिशेब जॉबचं तापमान घेऊन आपणच करायचा. स्केल टेबल कुठे आहे ते सांगते. जॉबच्या अंगातला ताप ती ओळखत नाही.

अलीकडे मामांनी नवा नाद लावून घेतला आहे. ऑफसेटांची जुनी वही संपली, त्यांनी नवी सुरू केली. दिवसातून चार वेळा ते टेबल ठरलेल्या एकाच जागी आणतात, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि दोन्ही वेळा स्क्रीनवर मोटर आणि स्केल यांच्यातला फरक टिपतात. सकाळी आठला फरक तीन मायक्रॉन, जेवणाआधी अडतीस, जेवणानंतर एकवीस: हा स्क्रूचा ताप. आणि डावीकडून आलेल्या फरकातून उजवीकडून आलेला वजा केला की उरते मोटर ते टेबल या साऱ्या साखळीतली ढील आणि पीळ. डायल नको, लेझर नको. दोन साक्षीदारांची उलटतपासणी घेतली की स्क्रूची तब्येत कळते. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी वही पुढे केली. ढिलाईच्या रकान्यात गेल्या महिन्यापर्यंत दोन, दोन, दोन असं चाललेलं होतं. या आठवड्यात तीन झालं आहे. ‘थ्रस्ट बेअरिंगचा नट बघायला हवा,’ ते म्हणाले, आणि आम्ही दोघं वे कव्हर काढायला खाली बसलो.